बदामसाठी पाठवलेली हाडं

बोईसर,
६ नोव्हेंबर १९६६

चि. हंसा,

तुझं पत्र काल पोचलं. आधी पायाचं सांगतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे आणि वीस डिसेंबरपर्यंत ते तसंच राहणार. ट्रकवरून उतरताना माझीच चप्पल निसटली, दोष कुणाला देऊ? वीजघराच्या कामावर रोज हजार माणसं चढतात-उतरतात, पडलो मी एकटा. आता स्टोअरची कामं दुसरा कोणीतरी बघतोय आणि मी खाटेवर पडून आढ्याच्या वाशांची गणती करतोय. यंदा भाऊबीजेला येणं होत नाही. ओवाळणीची साडी मासळी घेऊन येणाऱ्या दामूकडे देतोय. तो सातपाटीला परतताना तुझ्या दारावरून जाईल.

बदाम नीट खात नाही, दाराची चौकट कुरतडतो, असं तू लिहिलंस ते वाचून जीव वरखाली झाला. पिल्लू असल्यापासून चार वर्षांत तो माझ्याशिवाय कधी राहिलेला नाही. पाय मोडला म्हणून त्याला तुझ्या गळ्यात बांधलं, ते त्याला कसं कळावं? पण यावर एक उपाय सापडलाय. माझ्या शेजारच्या खोलीत एका परदेशी साहेबाचा खानसामा राहतो. कामावरची माणसं सांगतात, साहेबाचा कुत्रा दिवसभर नळीचं हाड चघळत बसतो, भुंकत नाही, काही फाडत नाही आणि त्याचे दात मोत्यासारखे आहेत. खानसाम्याकडे अशा हाडांचा डबाच आहे. करवतीने कापलेली, उकळून उन्हात खडखडीत वाळवलेली. त्यातली तीन दामूबरोबर पाठवतोय. जनावर मोठं आहे, एवढंच समज. सासूबाईंना जास्त खोलात सांगू नकोस.

एकेक हाड दे. त्याला वाटेल, दादाने खाऊ पाठवला.

तुझा दादा,
कृष्णकांत


शिरगाव,
१७ नोव्हेंबर १९६६

ती. दादा,

तुझ्या नावाने सुपारी ठेवून ओवाळलं. साडी सासूबाईंनी आधी उजेडात धरून पाहिली, मग चांगली आहे म्हणाल्या. म्हणजे खरंच चांगली आहे.

तुझ्या हाडांनी घराची रीतच बदलली. बदाम सकाळी हाड घेऊन माडाखाली बसतो तो दुपारपर्यंत हलत नाही. चौकट वाचली. फक्त आवाज फार होतो. दगडावर दगड घासल्यासारखा. सासूबाई जप करताना दोनदा थांबल्या आणि म्हणाल्या, "हंसा, तुझ्या भावाने कुत्रा पाठवला की पाथरवट?" हे हसले. शाळेतून आल्यावर हेसुद्धा बदामपाशी बसतात, पण तसं कबूल करत नाहीत.

एक विचारायचं होतं. काल हाडावर थोडं रक्त दिसलं. तोंड उघडून बघू देईना. आपल्या वाडीत गवत कापायला नवसी येते, तिने पाहिलं आणि म्हणाली, "बाय, ह्या सुकं हाड नुको दिऊस. आमच्या पाड्यावर कुत्र्याला आसां देत नाय. दात फुटतात, नायतर तुकडा अडकतो." मी हाड काढून ठेवलं, तर बदाम चौकटीपाशी जाऊन उभा राहिला. शेवटी परत दिलं. तू सांग, काय करू?

तुझी,
हंसा


बोईसर,
२० नोव्हेंबर १९६६

चि. हंसा,

कडुलिंबाची काडी घासली तर आपल्याही हिरड्यांतून रक्त येतं. कुत्र्याची जातच हाड फोडणारी. जंगलात त्याला कोण मऊ भात कालवून देतं? नवसी कामाची बाई आहे, पण साहेबलोक कुत्र्यांवर जेवढा विचार करतात तेवढा आपण माणसांवरही करत नाही. हाडांचं बरंवाईट त्यांनी पाहिलंच असेल ना?

आणखी दोन पाठवतोय. ही आधीच्यांपेक्षा टणक आहेत, जास्त दिवस पुरतील. घरमालकीण चंद्रकांताबाईंच्या राणी कुत्रीलाही एक दिलं. त्या मला रोज दोन वेळचं जेवण खोलीत आणून देतात, त्यांच्या उपकाराची तेवढीच फेड.

इथे खिडकीतून फक्त रस्ता दिसतो. ट्रक जातात, धूळ बसते, पुन्हा ट्रक जातात. बदामबद्दल सविस्तर लिही. तो कुठे झोपतो, कुणाच्या मागे जातो, सगळं.

दादा


शिरगाव,
३ डिसेंबर १९६६

ती. दादा,

उत्तराला उशीर झाला. अक्षर वाकडं दिसेल. उजव्या हातावर तेल उडालं, फडकं बांधलंय. काळजीचं काही नाही.

बदाम बरा आहे. पण आता हाडं पाठवू नकोस. मार्गशीर्ष येतोय, सासूबाईंना घरात ते चालणार नाही.

पायाला जप.

हंसा


बोईसर,
७ डिसेंबर १९६६

हंसा,

पाच ओळींचं पत्र मी पन्नास वेळा वाचलं. मार्गशीर्ष लागायला अजून आठवडा आहे आणि शिरगावात सासूबाईंच्या जपाच्या अंगणात सुकी मासळी वर्षभर वाळते, हे मला माहीत नाही का?

काल दामू आला होता. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "बदाम मागच्या गवताच्या खोपटात बांधलेला हाय. भुकला नाय. हाडांचा सापळा झालाय. हंसाबाय बाहेर आल्या नाय. मास्तर रोज पालघरच्या एस.टी.त दिसतात." मी विचारलं, कशाला? तर मान खाली घालून चहा प्यायला.

आता मीच जुळवून घेतलं. कुत्रा तुम्हाला जड झाला. मास्तरांना तो पहिल्यापासून नको होता, सासूबाईंना त्याचा आवाज नको होता, आणि तू मधल्या मध्ये गप्प बसलीस. त्याला उपाशी बांधून ठेवण्यापेक्षा एक ओळ लिहिली असतीस तर मी गाडी करून माणूस पाठवला असता. अजूनही पाठवतो. पुढच्या बुधवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर बदामला घेऊन यायला माणूस येईल. त्याच्या हाती दोरी दे, म्हणजे झालं.

कृष्णकांत


शिरगाव,
११ डिसेंबर १९६६

ती. दादा,

माणूस पाठवू नकोस. आधी हे वाच. आज मी माझ्या हाताने लिहितेय आणि खरं लिहितेय.

सव्वीस नोव्हेंबरला, शनिवारी संध्याकाळी, बदामने भात सोडला. तोंडातून लाळ गळायला लागली, धाग्यासारखी. दोन्ही पुढच्या पायांनी तोंड ओरबाडायचा, वाळूत नाक खुपसायचा, मग एकदम उठून वाडीभर पळायचा. जबडा अर्धा उघडा राहिलेला. शेजारच्या हिराने कुंपणावरून पाहिलं आणि तिची बादली हातातून पडली. अर्ध्या तासात आळीभर झालं की मास्तरांचा कुत्रा पिसाळला.

दादा, मला कुत्रा चावलेली मंजुळाआत्या आठवली. ओटीवर तिला बांधून ठेवलेलं आणि तिच्यासमोर पाण्याचा तांब्या नेला की ती काय करायची, ते आपण दोघांनी दाराच्या फटीतून पाहिलं होतं. मी सहा वर्षांची होते, तू बारा. त्यानंतर किती दिवस तू पाणी डोळे मिटून प्यायचास. म्हणून तुला लिहिलं नाही. तू मोडक्या पायाने निघाला असतास.

रविवारी सकाळी तो थोडा शांत वाटला. माझ्या मनात नवसीचं बोलणं होतं, तुकडा अडकतो. मी त्याच्यापाशी बसले, नावाने हाक मारली. त्याने शेपटी हलवली. मी जबड्यात बोटं घातली आणि त्याच क्षणी त्याने तोंड मिटलं. अंगठ्याच्या मुळाशी दोन दात गेले. तो लगेच मागे झाला आणि कुंपणाला चिकटून थरथरत उभा राहिला. हातावर तेल उडालं नव्हतं.

हे मला घेऊन सरळ पालघरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पोटात इंजेक्शनं सुरू केली. चौदा सांगितली. म्हणाले, कुत्रा मारू नका, लांबून बांधून ठेवा आणि दहा दिवस बघा. दहा दिवस जगला तर भीती नाही. मेला तर ताबडतोब कळवा.

घरी आलो तर अंगणात सात-आठ जण काठ्या घेऊन उभे. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांची पोरं याच वाटेने शाळेत जातात. हे समजावत होते, पण कोणी ऐकेना. तेव्हा सासूबाई आतून पाट घेऊन आल्या, खोपटाच्या दारात टाकला आणि त्यावर बसल्या. म्हणाल्या, "डॉक्टरने दहा दिवस सांगितलेत. अकराव्या दिवशी या." त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. जपमाळ तिथेच मागवून घेतली.

मग ते दिवस. दादा, मी कसं सांगू? रोज सकाळी हे आधी खोपटाच्या फटीतून बघायचे आणि मागे वळून मला नुसती मान हलवायचे. जिवंत आहे. मग एस.टी., मग सुई. पोट इतकं दुखायचं की गाडीचा प्रत्येक खड्डा मोजला जायचा. घरी येऊन मी तांब्या तोंडाला लावायचे आणि घोट खाली उतरेपर्यंत श्वास धरायचे. दिवसातून कितीदा तरी. तहान नसताना सुद्धा.

आणि बदाम खात नव्हता. जगला तर मी वाचले, हे खरं, पण तो रोज कालच्यापेक्षा मरणाजवळ दिसायचा. रोगाने की उपाशीपोटी, सांगणार कोण? तुला ते पाच ओळींचं पत्र लिहिलं तेव्हा सहावा दिवस होता.

नवसी तेवढी घाबरली नाही. लांब बांबूने ती पाण्याची बादली आत सरकवायची. एक दिवस मला हाक मारून म्हणाली, "बाय, बघ. पानी पितं हाय. डोकं पार आत घालून पितं हाय. ह्याला रोग नाय. ह्याच्या तोंडात कायतरी हाय." हे पालघरला जाऊन गुरांच्या डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, पाण्यावर विसंबू नका, तो भरवसा खोटा ठरलेला मी पाहिलाय. पण आठव्या दिवसापर्यंत टिकला तर मी स्वतः येतो.

पाच तारखेला ते आले. फासाच्या काठीने मान धरली, गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि जबड्यात लाकूड अडकवून बॅटरीचा उजेड टाकला. मग चिमट्याने ओढून काढलं. बोटभर लांब हाडाचा तुकडा, वरच्या दोन दाढांच्या मधोमध आडवा रुतलेला. तुकड्यामागची टाळू सडली होती. आणि डावीकडची मोठी दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती, आत पू झालेला. डोळ्याखालची सूज त्याचीच. दाढ त्यांनी तिथेच उपटली. हात धुताना म्हणाले, "जी वस्तू नखाने दाबली तर नख जरासुद्धा रुतत नाही, ती कुत्र्याला चघळायला देऊ नका. दात लोखंडाचे नसतात, बाई. आणि हा तुकडा गिळला गेला असता तर आतडं फाडून गेला असता."

बुधवारी दहा दिवस भरून गेले. डॉक्टरांनी माझी सुई थांबवली. बदाम पेज पितोय.

तू लिहिलंस ते वाचून राग आला नाही असं नाही. ह्यांनी पत्र वाचलं आणि कपाटावर ठेवलं. पण तुझ्यापासून लपवलं मी, आणि ते फक्त मंजुळाआत्यासाठी नव्हतं. हाड तू पाठवलेलं, हे मला तुला सांगायचं नव्हतं. दोन दिवस असंच वाटत होतं की कधीच सांगू नये. मग तुझं आधीचं पत्र पुन्हा हाताशी आलं. चंद्रकांताबाईंच्या राणीला एक दिलंय. दादा, ते आधी काढून घे. पण हाताने नको.

हंसा


बोईसर,
१४ डिसेंबर १९६६

हंसा,

पत्र दुपारी आलं. शेवटची ओळ वाचली आणि कुबडी घेऊन तसाच उठलो. राणी मागच्या दारी हाड धरूनच बसली होती. मी वाकलो तशी ती गुरगुरली. माझा हात पुढे गेलेला होता, तो तिथेच थांबला. तुझा हात दिसला मला. चंद्रकांताबाईंना हाक मारली, त्यांनी दोन बोंबील भाजून आणले, लांब टाकले. राणी हाड सोडून तिकडे गेली तेव्हा कुबडीने ते ओढून घेतलं. नख दाबून पाहिलं. नखच वाकलं.

मग खानसाम्याकडे गेलो. विचारलं, तुमच्या साहेबाच्या कुत्र्याला ह्या हाडांनी कधी काही झालं नाही ना? तो म्हणाला, "झालं ना. दिवाळीच्या आधी दाढ फुटली, मुंबईला नेऊन काढावी लागली. तेव्हापासून मेमसाहेबांनी हाडं बंद केली. म्हणून तर डबा माझ्याकडे पडून होता." मी म्हटलं, मग मला का दिलीत? तो म्हणाला, "तुम्ही मागितलीत. विचारलं तर काहीच नाही."

त्याच्यावर ओरडणार होतो, पण तो खोटं बोलत नव्हता. खरंच विचारलं नव्हतं. तू विचारलं होतंस. नवसीने सांगितलं होतं. मी तुम्हा दोघींना गप्प केलं आणि आणखी टणक हाडं पाठवली.

डबा मागून घेतला. चंद्रकांताबाईंच्या माणसाने मागच्या खड्ड्यात खोल पुरला, मी वर उभा राहून बघितलं.

मास्तरांना मी वेगळं पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. त्यांच्याबद्दल जे लिहिलं ते त्यांनी वाचलं, हे आठवलं की पेन पुढे जात नाही. सासूबाईंच्या पाया पडायचं आहे. नवसीला काय सांगू ते अजून कळत नाही.

वीस तारखेला प्लास्टर निघेल. पंचवीसला रविवार आहे. तू नको म्हणालीस तर येणार नाही. पण कळव.

दादा


शिरगाव,
१८ डिसेंबर १९६६

ती. दादा,

ये. हे म्हणाले, वेगळं पत्र नको, जेवायला या म्हणावं. सासूबाई म्हणाल्या, येताना काही आणू नकोस.

हंसा


बोईसर,
१ जानेवारी १९६७

चि. हंसा,

बदाम आणि मी त्याच दिवशी नीट पोचलो, लिहायला आठवडा गेला. गाडीत तो माझ्या पायावर तोंड ठेवून झोपला होता, दुखऱ्या पायावरच, पण मी हललो नाही.

त्याला का आणलं ते तुला तोंडाने सांगता आलं नाही. मी माफी मागितली तेव्हा तू म्हणालीस, "तू काय मुद्दाम केलंस का?" मास्तरांनी ताटात स्वतः मासा वाढला. सासूबाई तर म्हणाल्या, कुत्रा आता आमचा, तू पाहुणा. मला वाटलं, सगळं निभावलं. मग जेवणानंतर तू ओटीवर बसलीस, बदाम शेपटी हलवत तुझ्याकडे आला आणि तू हात पदरात घेतलास. कोणी पाहिलं नाही असं तुला वाटलं. बदामही थांबला. तुझ्यापासून हातभर अंतरावर बसला आणि जमिनीकडे बघत राहिला.

हातावरच्या खुणा मी आल्याबरोबर पाहिल्या होत्या. ह्या खुणेचं काय करावं ते मला सुचलं नाही. मी दिलेली भीती तुझ्या अंगणात रोज का फिरावी, म्हणून त्याला घेऊन आलो. सासूबाई रागावल्या, ते साहजिक आहे.

तो भात, शिजवलेला भोपळा आणि काटे काढलेली मासळी खातो. चघळायला काही मागतो तेव्हा जुन्या गोणपाटाची गाठ देतो, तीही मी समोर बसून आणि फाटली की काढून घेतो. उजव्या बाजूने चावतो. कामावर हजर झालोय. स्टोअरच्या दाराशी त्याला बसू देतात.

दादा


शिरगाव,
८ जानेवारी १९६७

ती. दादा,

तू बदामला नेलंस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कुणाला बोलले नाही. त्या रात्री पहिल्यांदा सलग झोपले. सोमवारीही झोपले. मंगळवारी पाणी पिताना श्वास धरायचं विसरले आणि घोट गेल्यावर लक्षात आलं.

पण बुधवारपासून काय झालंय सांगते. नवसी गवताचा भारा टाकून खोपटाकडे बघते आणि काही न विचारता जाते. सासूबाई जप करताना मध्येच थांबतात, कोणी आवाज करत नसताना. हे शाळेतून येतात आणि माडाखाली उगाच उभे राहतात. काल मी हात धुताना त्या खुणांकडे नीट पाहिलं. आतापर्यंत टाळत होते. दोन आहेत, खोल आहेत. पण तिसरा दात त्याने टेकवला नव्हता. आदल्या संध्याकाळपासून तो उपाशी, टाळू सडेल असं दुखणं त्याच्या तोंडात, मी नेमकं तिथेच बोट घातलं, तरी त्याने लगेच सोडलं. त्याला काय वाटलं असेल, हा विचार मी एवढ्या दिवसांत केलाच नव्हता. मी माझ्याच मरणात गुंतले होते.

भीती गेली असं लिहिणार नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. काल हिराचा कुत्रा वाटेत आला तर मी कुंपणाला चिकटले.

तरी येत्या रविवारी बदामला घेऊन ये. भात मी कालवीन, काटे मी काढीन आणि ताटली मी पुढे करीन. हात थरथरला तर थरथरू दे. फक्त पहिल्या वेळी तू शेजारी बस, आणि मी सांगेपर्यंत काही बोलू नकोस.

हंसा